नाणी सापडली तर घासू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा एका नातेवाईकाने जुनं चांदीचं नाणं चिंच आणि राखेने घासून चकाचक केलेलं कौतुकाने दाखवलं, आणि माझं डोकंच फिरलं. अहो, आपल्या नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, शक राजा क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला, म्हणजे खाली नहपानाचा चेहरा अन् वर सातवाहनांचा डोंगर नि उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चारी टोकांना गोल)! कोण हरलं कोण जिंकलं ते नाण्यावरच कळतं. हेच कोणी टूथपेस्टने घासलं असतं तर खालचा पुसट चेहरा गेलाच असता ना.

काळा थर म्हणजे नुसती घाण नसते, चांदीचाच क्षार झालेला असतो, त्यातच कधीकधी अक्षरं टिकून राहतात. ते काढायचं काम लॅबवाल्यांचं, मायक्रोस्कोपखाली, हळूहळू. आणि 1878 च्या कायद्याने 10 रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागतं, सोनाराकडे नाही न्यायचं.

तुमच्या पेपरात हे एकदा ठळक छापा ना.

आपला एक वाचक, नाशिक