स्टार द्या, पण वाचणं कुठे सोडलं तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला पुस्तकांची परीक्षणं येतात, दिवाळी झाली की अंकांची झाडाझडती पण होते. पण आजकाल मराठीत कितीतरी कथा-कादंबऱ्या थेट मोबाईलवर लिहिल्या जातात आणि मोबाईलवरच वाचल्या जातात, त्यांच्याबद्दल पेपरात कोणी ब्र काढत नाही. तिथे परीक्षक म्हणजे आपण वाचकच, आणि आपण ते काम ज्या पद्धतीने उरकतो ते बघून हसावं की रडावं कळत नाही म्हणून हे पत्र.

मोबाईलवर कथा लिहायचं-वाचायचं प्रतिलिपी २०१४ ला सुरू झालं, त्यानंतर अजून बरीच ॲप आली. कुठलीही मराठी कथामालिका उघडा, रेटिंग ४.७, ४.८, ४.९. सगळ्याच इतक्या भारी असतात का? अजिबात नाही. होतं काय की ज्याला पहिल्या दोन-तीन भागात कंटाळा आला तो गुपचूप निघून जातो, एक स्टार पण देत नाही, भांडत पण नाही. मागे उरतात ते पंखे, आणि ते पाचच्या खाली उतरत नाहीत. म्हणून भाग ६० चं रेटिंग भाग १ पेक्षा वर दिसतं आणि लेखिकेला वाटतं कथा रंगत चाललीय. वाचणाऱ्यांचा आकडा घसरलेला तिला दिसतो, पण का घसरला हे सांगायला कोणी थांबलेलंच नसतं.

आणि खाली कमेंट काय असतात? खूप छान. अप्रतिम. पुभाप्र (म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत). नेक्स्ट पार्ट लवकर टाका प्लीज. लेखिकेचा हुरूप वाढतो हे मान्य, रात्री सगळी कामं आटपून अंगठ्याने टाईप करणाऱ्या बाईला ‘खूप छान’ सुद्धा पुष्कळ असतं, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण ‘मस्त लिहिलंय, माझी पण कथा वाचून अभिप्राय द्या’ हा जो प्रकार आहे ना तो मात्र सरळसरळ लग्नातल्या आहेरासारखा, तुम्ही आम्हाला पाच दिले आता आमचे पाच घ्या. त्यात कथा वाचलीय कोणी?

दुसरं टोक म्हणजे एक स्टारवाले. पुढचा भाग उशिरा आला, एक स्टार. पुढचा भाग पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, एक स्टार (तो नियम ॲपचा, फटका लेखिकेला). नायिकेने शेवटी नवऱ्याला माफ केलं, एक स्टार. अहो नसेल पटलं तर तसं लिहा, की आधीचे वीस भाग तिचा स्वभाव एक दाखवला आणि एकविसाव्यात ती अचानक बदलली, त्याला कारणच दिलेलं नाही. ही झाली तक्रार. ‘मी असते तर सोडलंच असतं त्याला’ ही तक्रार नव्हे, तो तुमचा निर्णय झाला.

न वाचता स्टार देणं हे तर आणखी वाईट, आणि ते फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने नवी कादंबरी जाहीर केली, ती घडते सायबेरियात, आणि युक्रेनचं युद्ध चालू असल्यामुळे लोक इतके भडकले की पुस्तक छापून यायच्या कितीतरी आधी गुडरीड्स या वाचकांनी पुस्तकांना स्टार द्यायच्या साईटवर शेकडो एक-स्टार पडले. शेवटी तिने प्रकाशनच लांबणीवर टाकलं. लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही, पण एक पानही न वाचता दिलेल्या स्टारला वाचकाचं मत कसं म्हणायचं?

आता चांगली कमेंट कशी असते ते सांगते. एका कौटुंबिक मालिकेत भाग तीनमध्ये सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय प्लास्टरमध्ये. भाग पाचमध्ये गौरी आल्या तर याच सासूबाई मुखवटे काढायला माळ्यावर चढल्या! मधे फारतर आठवडा गेलेला. खाली पंचवीस-तीस जणांनी ‘गौरीचं वर्णन वाचून डोळ्यात पाणी आलं’ लिहिलेलं, आणि एका काकांनी फक्त एवढंच, की ताई वर्णन सुरेख पण सासूबाईंचं प्लास्टर कधी निघालं? दोन दिवसांनी बघते तर माळ्यावर धाकटी जाऊ चढलेली आणि सासूबाई खुर्चीत बसून खालून सूचना देतायत, आणि खरं सांगू, तो प्रसंग आधीपेक्षा कितीतरी मजेदार झाला होता. छापील पुस्तकात हे व्हायला दुसरी आवृत्ती निघायची वाट बघावी लागते, इथे वाचकाच्या एका ओळीने कथा लिहून होत असतानाच सुधारते. म्हणून ती ओळ लिहिताना जरा डोकं वापरावं एवढंच माझं म्हणणं आहे. कुठे गुंतलात, कुठे दोन परिच्छेद गाळून पुढे गेलात आणि सोडली असेल तर नेमकी कुठल्या भागाला सोडलीत.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर ते वेगळं ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या निम्म्या चुका कीबोर्डच्या सजेशनमुळे किंवा बोलून टाईप केल्यामुळे होतात, त्यासाठी चारचौघात मास्तरकी करून तीन स्टार कापायची गरज नाही, मेसेज करून सांगा. रॉयल रोड या इंग्रजी साईटवर सविस्तर अभिप्राय देताना शैली, कथानक, व्याकरण आणि पात्रं यांना वेगवेगळे गुण देता येतात, तशी सोय मराठी ॲपवाल्यांनी द्यायला काय हरकत आहे? आणि मालिका असेल तर प्रत्येक भागाला पाच-पाच वाटण्यापेक्षा स्टार शेवटचा भाग वाचून झाल्यावर एकदाच द्या, तोवर नुसती कमेंट करा. रहस्यकथा असेल तर खुनी कोण ते कमेंटमध्ये फोडू नका, हे खरं तर सांगायला लागू नये पण लागतं.

तुम्हाला एक विनंती. पुरवणीत महिन्यातून एक छोटा कोपरा ऑनलाईन कथांसाठी ठेवा, पुस्तकांच्या परीक्षणाला लावता तीच फूटपट्टी लावा, आणि लिहायला प्राध्यापकच हवेत असं नाही, त्या सासूबाईंच्या प्लास्टरवाल्या काकांसारखे वाचक शोधा.

आपली,
एक वाचक, चिंचवड