ट्रेनीचा पगार, पण ड्युटी पूर्ण

संपादक महोदय,

नवीन पास झालेल्या नर्सेसना खाजगी हॉस्पिटलं 'ट्रेनी' म्हणून अगदी कमी पगारावर ठेवतात ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली आणि ती शंभर टक्के खरी आहे. माझी मुलगी 4 वर्षं बीएससी नर्सिंग शिकली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, तरी एका हॉस्पिटलने तिला शिकाऊ म्हणून घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात नाइटला पूर्ण वॉर्ड तिच्या एकटीवर टाकला, मग तिला शिकवणार कोण? ट्रेनिंगला माझा विरोध नाही, आयसीयूत नवीन मुलीसोबत सीनियर सिस्टर हवीच, पण काम पूर्ण घेता तर पगारही पूर्ण द्या. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सांगितलं होतं की 200 पेक्षा जास्त बेडच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सला सरकारी नर्सएवढा पगार हवा, आणि 50 पेक्षा कमी बेड असले तरी महिन्याला 20,000 च्या खाली नको. 'ट्रेनी' या एका शब्दाने हे सगळं बाजूला सारता येत असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याने आधी ट्रेनी म्हणजे कोण, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती पगारावर, हे लेखी ठरवून द्यावं.

– एका नर्सची आई, सातारा