न सांगितलेल्या मृत्यूविषयी

गिरगाव, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझा भाऊ वारला, तरी बाबा कामासाठी दुबईला गेले आहेत, एवढेच त्याच्या मुलीला, तुझ्या पुतणीला, सांगितले आहे आणि घरातल्या सगळ्यांनी तेच धरून चालायचे ठरवले आहे, हे वाचून मन फार अस्वस्थ झाले. तू माझे मत विचारलेस. ते सरळ द्यायचे तर तिला खरे सांगा, असेच मी म्हणेन. परंतु असे का वाटते, हे नीट मांडण्यासाठी मला एका भयकादंबरीचा आधार घ्यावा लागेल. घरातले सुतक नुकतेच फिटलेले असताना हा विषय काढल्याबद्दल तू गैरसमज करून घेणार नाहीस, याची मला खात्री आहे.

स्टीफन किंग यांची 'पेट सेमेटरी' ही कादंबरी १९८३ साली प्रसिद्ध झाली. शिकागोहून मेन राज्यातल्या ल्युडलो गावी राहायला आलेला लुई क्रीड हा डॉक्टर, त्याची पत्नी रेचल, शाळकरी मुलगी एली, लहानगा गेज आणि मुलीचे लाडके मांजर चर्च, असे हे कुटुंब आहे. घरासमोरच्या रस्त्यावरून अवजड ट्रक भरधाव जातात, आणि घरामागच्या जंगलात गावच्या मुलांनी आपल्या मेलेल्या पाळीव प्राण्यांसाठी केलेली दफनभूमी आहे. तिच्याही पलीकडे मिकमॅक आदिवासींची जुनी जागा आहे, जिथे पुरलेले परत येते; मात्र जे येते, ते गेलेले माणूस किंवा जनावर नसते. किंग यांचे कुटुंब स्वतः अशाच एका रस्त्याकाठी राहत असताना त्यांच्या मुलीचे मांजर गाडीखाली गेले होते, आणि धाकटा मुलगा एकदा रस्त्याकडे धावत सुटला असता त्यांनी त्याला कसेबसे अडवले होते. त्या प्रसंगाचा शेवट वेगळा झाला असता तर, या विचारातून लिहिलेले हे पुस्तक त्यांना स्वतःलाच इतके काळोखे वाटले की त्यांनी ते काही वर्षे तसेच बाजूला ठेवून दिले.

भुताखेतांच्या गोष्टी आपण धारप आणि मतकरी यांच्यापासून पुष्कळ वाचल्या. या कादंबरीतले खरे भय मला त्या जंगलापेक्षा क्रीड कुटुंबाच्या घरात जास्त जाणवते. प्राण्यांची दफनभूमी पाहून आलेली एली आपलेही मांजर मरणार का, असे विचारते आणि देवाने हवे तर स्वतःचे वेगळे मांजर आणावे, असे संतापून ओरडते. बाप डॉक्टर असल्यामुळे तो तिला शांतपणे खरे सांगू पाहतो. परंतु मुलीपुढे मरणाची भाषा काढलीच कशाला, म्हणून रेचल त्याच्यावर तुटून पडते. तिच्या या रागाचे मूळ तिच्या बालपणात आहे. तिची मोठी बहीण झेल्डा पाठीच्या कण्याच्या दुखण्याने मागच्या खोलीत झिजत होती, आईवडिलांनी ते दुखणे जगापासून दडवले होते, आणि झेल्डा गेली तेव्हा घरात आठ वर्षांची रेचल एकटीच होती. पुढे त्याविषयी कोणी कधी बोललेच नाही. ज्या मरणाला घरात नावच मिळाले नाही, ते त्या मुलीच्या मनात अक्राळविक्राळ होऊन राहिले.

पुढे बायकामुले शिकागोला गेलेली असताना चर्च ट्रकखाली मरते. शेजारचे वृद्ध जड क्रँडल लुईला त्या पलीकडच्या जागेवर नेतात आणि याविषयी कोणाशी बोलायचे नाही, असे बजावतात. एलीला दुःख होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. इथे तुझ्या घराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही, कारण तुम्हीही केवळ मायेपोटीच गप्प आहात. परंतु मांजराचे गुपित पोटात ठेवलेल्या माणसाला, गेजही त्याच रस्त्यावर ट्रकखाली मेल्यानंतर, बायकोजवळ मोकळेपणाने रडताही येत नाही. पहिल्याच लपवाछपवीने त्याला दुसऱ्या वाटेवर आणून सोडलेले असते. पत्नीला आणि मुलीला तो शिकागोला पाठवून देतो आणि रात्री एकटाच जाऊन मुलाची कबर उकरतो. सर्वांत हळहळ मला आणखी एका जागेची वाटते: रेचल अखेर एका रात्री झेल्डाची सगळी हकिकत नवऱ्याला सांगते, दोघे तेव्हा एकमेकांच्या अगदी जवळ असतात, आणि तरीही लुई आपले गुपित उघड करत नाही.

आपल्याकडे दहाव्याला बाणगंगेवर काय चालते, ते आठवून पाहा. पिंड मांडून सगळे दूर उभे राहतात, कावळा शिवेना झाला की मृताच्या मनात काय राहिले असेल, याची चर्चा होते, आणि मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडून मोठ्याने सांगतो की मुलांचे शिक्षण आम्ही करू, काळजी करू नकोस. तरीही तो शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करतात. कावळ्यावर श्रद्धा असो वा नसो, मला त्या रीतीत मोठे शहाणपण दिसते. मेलेल्याशी शेवटचे बोलणे चारचौघांत, दिवसाउजेडी होते आणि ते त्याच दिवशी संपवावेही लागते. लुईने हे सगळे रात्री, साक्षीदाराशिवाय आणि शेवट न मानता केले. दुर्दैव असे की आपण या विधीतून लहान मुलांनाच वगळतो. त्या दिवशी त्यांना शेजारी नेऊन बसवतो आणि संध्याकाळी काहीच घडले नसल्यासारखे घरी आणतो.

तुझी पुतणी सहा वर्षांची आहे. फोन का येत नाही, हे ती आज ना उद्या विचारणारच, आणि तेव्हा एका असत्यासाठी दुसरे रचावे लागेल. शिवाय बाबा आपल्याला विसरले, असे तिला वाटू लागले, तर ते दुःख मृत्यूच्या दुःखाहून वाईट ठरेल, कारण ते खरेही नसेल. तेव्हा साध्या शब्दांत सांगा: बाबांचे शरीर बंद पडले, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. 'झोपले' किंवा 'देवाने नेले' असे म्हणू नका, नाहीतर ती झोपेला किंवा देवाला घाबरू लागेल. पुन्हा पुन्हा विचारील, तेव्हा पुन्हा पुन्हा तेच सांगावे लागेल. तिच्यासमोर वहिनी रडल्या, तरी ते लपवण्याचे कारण नाही.

ही कादंबरी तू मात्र एवढ्यात वाचू नकोस. तिच्या मध्यावर एका लहान मुलाची अंत्ययात्रा आहे, आणि ती वाचण्याचे बळ आत्ता तुझ्यात असावे, अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. मी शनिवारी येतो आहे. वहिनींची इच्छा असेल, तर सांगताना मीही जवळ बसेन. परंतु सांगावे तिच्या आईनेच.

तुझा,
गिरगावचा मित्र