काका, हळू पळायला शिकवलंत म्हणून

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे सव्वापाचला तुम्ही ज्यांना ज्यांना थांबवलंत, त्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र. थांबवलंत हाच शब्द बरोबर आहे. नवीन माणूस पहिल्या फेरीत सुसाट सुटतो, दुसरीला कमरेवर हात ठेवतो आणि पंधरा दिवसांत दिसेनासा होतो. तुम्ही त्याला दुसऱ्या फेरीआधीच गाठता आणि पळता पळता घरचा पत्ता विचारता. पत्ता सलग सांगता आला तर वेग बरोबर. घर क्रमांक सांगून दम लागला तर जास्त. हजारो रुपयांच्या घड्याळापेक्षा ही तपासणी आमच्या जास्त कामी आली.

कविता राऊतच्या जिल्ह्यात ‘हळू पळा’ म्हणणं सोपं नाही. सावरपाड्याच्या या मुलीनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. तिचं नाव ऐकून मैदानात उतरणाऱ्याला वेगच हवा असतो. त्याला तुम्ही शांतपणे सांगता, की पदक आणणारेसुद्धा आठवड्यातलं बहुतेक अंतर त्यांच्या मानानं सावकाशच कापतात. मग त्याच्या हाती पहिला आठवडा देता: १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं, असं ८ वेळा, आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. सलग ३० मिनिटं पळायला अडीच-तीन महिने लागले तरी चालतील.

यामागचं कारणही तुम्ही दर वेळी सांगता, त्याबद्दल विशेष आभार. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायुबंध घट्ट व्हायला मात्र कित्येक महिने जातात. या मधल्या काळात छाती म्हणते पळ आणि नडगी म्हणते थांब. नडगीच्या आतल्या कडेला पसरून दुखलं तर अंतर निम्म्यावर आणायचं. एकाच ठिकाणी, बोटानं दाबल्यावर कळ आली तर पळणं बंद करून थेट डॉक्टरकडे, कारण तिथे हाडाला बारीक चीर असू शकते. हा फरक कळला, म्हणून आमच्यातल्या कित्येकांचा हंगाम वाचला.

उत्साह टिकवायचा कसा, हे तुम्ही कधी भाषणातून सांगितलं नाहीत, सोयी लावून दिल्यात. कपडे, मोजे, किल्ली रात्रीच एका जागी. सकाळी कंटाळा आला तर फक्त १० मिनिटांचा करार. तेवढं पळूनही नको वाटलं तर खुशाल परत फिरायचं. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, कारण मंगळवारचे ६ आणि बुधवारचे ८ किलोमीटर एकत्र केले की गुरुवारी पोटरी धरते. ताप असेल, छातीत कफ असेल, तर घरीच. नाक गळत असेल तेवढंच, तर सावकाश पळायला हरकत नाही. आणि महिना-महिना थकवा जात नसेल तर वेळापत्रक बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं. बायकांना हे तुम्ही आवर्जून सांगता, लोह अंगी लागावं म्हणून जेवणाला लागून चहा नको हेही सांगता.

जोडे पाहण्याची तुमची पद्धत तर लिहूनच ठेवावी अशी. जोडा उलटा करून टाचेची झीज बघता, मग मधल्या फोममध्ये अंगठा दाबता. फोम कडक लागला, बाजूला आडव्या सुरकुत्या दिसल्या, की वरून नवा दिसणारा जोडाही बाद. साधारण ६०० ते ८०० किलोमीटर ही त्याची उमर. नवा घ्यायचा तो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालून आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. ती जागा नसली की उतारावर बोट पुढे आपटतं आणि नख काळं पडतं. पावसाळ्यात ओल्या जोड्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायचे नाहीत, कारण डिंक सुटतो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी तर तुमचे किती आभार मानावेत! आपण साधारण ६०० मीटर उंचीवरचे, कोरड्या थंडीत सराव करणारे. नाशिकच्या गारठ्यात सहज जमणारा पेस (किलोमीटरमागचा वेळ) मुंबईच्या दमट हवेत महाग पडतो, कारण तिथे घाम येतो पण वाळत नाही, आणि अंग निवत नाही. म्हणून पहिले ५ किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरमागे १५ सेकंद सावकाश. पेडर रोडच्या चढासाठी गंगापूर धरणाच्या बाजूचे चढ, तेही लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या शेवटी, पाय दमलेले असताना. लाँग रन आठवड्याला दीड-दोन किलोमीटरनं वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचा. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्याच्या आसपास आणायचं, वेगाचे छोटे तुकडे मात्र सोडायचे नाहीत. याच दिवसांत पाय जड वाटतात आणि माणूस घाबरून एक जादा लाँग रन मारतो. तो तुम्ही दर वर्षी कुणाचा ना कुणाचा अडवता.

खाण्यातही तुम्ही आम्हाला घरचंच दाखवलंत. पळताना खायचं साखरेचं जेल पोटाला मानवत नसेल तर मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम बेदाणे. त्यातून वीस ग्रॅमच्या आसपास साखर मिळते. हाफ मॅरेथॉनला पाऊण तासानंतर थोडे थोडे, घोटभर पाण्याबरोबर. पण स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा नाही, निदान तीन लाँग रनमध्ये तपासून. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतलं की द्रावण दाट होतं, पोट ढवळतं, आणि दोष मात्र बेदाण्यांना मिळतो. तहान नसताना वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर पेला रिकामा करायचा नाही, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, हेही तुम्हीच बजावलंत.

स्पर्धा संपल्यावरचे पंधरा दिवस सगळ्यात अवघड. पदक खुंटीवर लागतं आणि मैदान रिकामं होतं. तेव्हा तुम्ही घड्याळ काढून ठेवायला लावता आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला नेता. वर पळत नाही, खाली तर नाहीच, नुसतं चालायचं. फेब्रुवारी संपेपर्यंत निम्मे लोक आपोआप ट्रॅकवर परत येतात.

काका, तुमच्या कापडी पिशवीत सेफ्टी पिना, व्हॅसलीनची डबी, चिकटपट्टी आणि ओआरएस कायम असतं, आणि ते तुम्ही स्वतःच्या खर्चानं भरत आलात. या महिन्यापासून ती पिशवी आम्ही पाळीपाळीनं भरू. पहिल्या पाळीची पिशवी भरून झाली आहे, बेदाण्यांची अर्धा किलोची पुडीही त्यात ठेवली आहे. रविवारी पिशवी घरून आणू नका.

तुमचे,
गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरचे पहाटेचे पळणारे