सोनेरी खूण ठेवणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

तू खेळात घेतलेलं नाव माझ्या लक्षात आहे, पण ते इथे लिहीत नाही. तू मुलगा की मुलगी, वय काय, कुठल्या भाषेत विचार करतोस, यातलं मला काहीच ठाऊक नाही. आपण एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. तरी इतक्या वर्षांनी हे पत्र लिहितोय, कारण तुझे आभार मानायचे राहून गेले आणि ते मनातून जात नाही.

2013 सालची गोष्ट. 'डार्क सोल्स' हा व्हिडिओ गेम पीसीवर येऊन वर्ष होत आलं होतं आणि मी त्यातल्या अनोर लोंडो या शहरात अडकलो होतो. सेन्स फोर्ट्रेस या किल्ल्यातल्या त्या हेलकावणाऱ्या पात्यांमधून निघालो, अरुंद कठड्यावरून खाली ढकलणारे ते दोन चंदेरी तिरंदाज पार केले, आणि वाटलं की आता सगळ्यात अवघड भाग मागे पडला. मग ते खांबांचं दालन आलं. ऑर्नस्टीन आणि स्मो, त्या दालनाचे दोन राखणदार.

तिथे मी किती वेळा मेलो ते मोजणं तिसाव्या वेळेनंतर सोडून दिलं. ऑर्नस्टीन सडपातळ, हातात भाला, दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूर मारत येतो. स्मो अवाढव्य, खांद्यावर घराएवढा हातोडा, धावत आला की खांबसुद्धा फोडतो. एकाकडे बघावं तर दुसरा पाठीवर. एकाला कसंबसं पाडलं, तर उरलेला त्याची ताकद आपल्यात घेतो आणि पूर्ण हेल्थने नव्याने उभा राहतो. या खेळात ईझी मोड नाही. मला ते तेव्हाही मान्य होतं, आजही आहे. कारण हा खेळ फसवत नाही. मेलो की का मेलो ते कळतं: घाई केली, हाव धरली, एक घाव जास्त मारला. पण त्या दालनात मला तेही कळेनासं झालं होतं. दोघांच्या गोंधळात माझी चूक कुठली, हेच दिसत नव्हतं.

मदतीला दुसऱ्या कुणा खेळाडूला ऑनलाइन बोलवायचं नाही, असा माझा हट्ट होता. मदत घेतली म्हणजे जिंकणं खरं नव्हे, असं मला मनापासून वाटायचं. त्या रात्री मी खेळ कॉम्प्युटरवरून काढून टाकायच्या बेतात होतो. शेवटचं म्हणून बोनफायरपाशी, म्हणजे खेळातल्या विसाव्याच्या शेकोटीपाशी, ह्युमॅनिटी नावाची एक वस्तू खर्च करून माणूस झालो (त्याशिवाय मदतनीसांच्या खुणा दिसत नाहीत), आणि धुक्याच्या दाराआधी जमिनीवर तुझी सोनेरी खूण दिसली.

खुणेवरून बोलावताच तू माझ्या जगात आलास आणि वाकून नमस्कार केलास. मी त्याला उत्तरही दिलं नाही, तसाच धुक्यात घुसलो. मिनिटभरात मेलो. होस्ट, म्हणजे बोलावणारा, मेला की मदतीला आलेला रिकाम्या हाताने आपल्या जगात परत जातो. मला वाटलं, गेला हा, आता कशाला येतोय. चारच ह्युमॅनिटी उरल्या होत्या, त्यातली एक पुन्हा जाळली आणि परत तिथे पोचलो. खूण त्याच जागी होती.

दुसऱ्या वेळी तू काय करतोयस हे मला आधी समजलंच नाही. तू कुणावरही वार करत नव्हतास. स्मोला मागे लावून घेतलंस, पार टोकाच्या खांबामागे नेलंस आणि ढाल वर धरून नुसता त्याच्याभोवती फिरत राहिलास. मला राग आला, लढत का नाही हा? मग बघितलं तर माझ्यासमोर ऑर्नस्टीन एकटा. इतक्या मरणांनंतर पहिल्यांदा मी त्याच्याकडे नीट पाहू शकलो. लांबून सूर मारून आल्यावर तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात एक घाव बसतो. मी दोन मारायला गेलो आणि मेलो. पण या वेळी का मेलो ते मला ठाऊक होतं. तुझी पहिली मदत ही. तू माझ्या वाटची लढाई लढला नाहीस, मला ती दिसेल एवढी जागा करून दिलीस.

तिसऱ्या वेळी मी एकच घाव मारत राहिलो.

त्या खेपेची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. मदतीला आलेल्याला स्वतःचं एस्टस, म्हणजे जखमा भरणारं पेय, पिता येत नाही. होस्ट प्यायला तरच त्याच्याही जखमा भरतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. ऑर्नस्टीन पडला, स्मोने त्याला हातोड्याखाली चिरडून त्याची वीज आपल्या अंगात घेतली, आणि मी खांबाआड होऊन तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या डोक्यावरच्या पट्टीत नखाएवढी हेल्थ उरली होती. माझी जवळजवळ भरलेली. माझ्याकडे दोन घोट होते. इतका वेळ मी फक्त माझ्या हिशोबाने पीत होतो, आणि तू माझ्या भरवशावर तिथे उभा होतास, काही मागता येत नसताना. मी प्यायलो. तुझी पट्टी वर चढताना बघून जे वाटलं, तसं कुठल्याही खेळात त्याआधी मला वाटलं नव्हतं.

शेवटी स्मोची हेल्थ एका घावापुरती राहिली, तेव्हा तू त्याच्या अगदी जवळ होतास. तू ढाल वर केलीस आणि दोन पावलं मागे सरलास. तो घाव तू माझ्यासाठी सोडलास, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

स्मो कोसळला. तू काहीतरी जमिनीवर फेकलंस, आणि 'व्हेरी गुड!' असा आवाज आला. मला ती वस्तू काय आहे तेही माहीत नव्हतं. मी नमस्कारासाठी मेनू उघडला, हावभावांच्या यादीत वाकणं शोधलं, आणि ते सापडेपर्यंत तू विरून गेला होतास. सोनेरी खुणेच्या मदतीने जिंकल्यावर मिळणारं एक सनलाइट मेडल तेवढं माझ्याकडे आलं.

पुढे खेळातल्याच ओलासिल या भागात फिरताना तशीच एक कोरलेली लाकडी मूर्ती मला सापडली. फेकली की 'थँक यू' म्हणणारी. तिथेच थांबून मी बराच वेळ त्या वस्तूकडे बघत बसलो होतो.

या खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितलेला प्रसंग तू कदाचित वाचला असशील. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या लोकांनी ढकलून एकेक गाडी वर काढली. थांबून आभार मानावेत तर गाडी पुन्हा अडकणार, म्हणून मियाझाकी तसेच पुढे गेले. रांगेतला शेवटचा माणूस घरी पोचला असेल का, हा विचार त्यांच्या मनात राहिला. 2009 च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये अनोळखी खेळाडूंनी एकमेकांना मदत करण्याची जी पद्धत आली, तिचं मूळ या प्रसंगात आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात तुझीच आठवण आली.

नंतर मीही खेळातल्या सूर्याच्या वेदीसमोर गुडघे टेकले, सोनेरी खूण ठेवणाऱ्यांच्या पंथात सामील झालो आणि त्याच दाराआधी माझी खूण ठेवू लागलो. स्मोला खांबामागे गुंतवून ठेवायला शिकलो. हे लढण्यापेक्षा अवघड आहे, हे तेव्हा कळलं. पुष्कळदा होस्ट घाई करून मरायचे. मी परत जाऊन पुन्हा खूण ठेवायचो. शेवटचा घाव त्यांचा.

2022 च्या जानेवारीत सुरक्षेतल्या एका गंभीर त्रुटीमुळे पीसीवरचे ऑनलाइन सर्व्हर बंद झाले. नंतर आलेल्या सुधारित 'रीमास्टर्ड' आवृत्तीचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत चालू झाले, आपल्या त्या जुन्या आवृत्तीचे नाही झाले. तिथे आता कुणाचीच खूण उमटत नाही. माझी जुनी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, मात्र शाबूत आहे. मेडलही आहे.

मागच्या आठवड्यात ती उघडली. त्या दालनात गेलो. आता तिथे कुणी नसतं, फक्त खांब आणि मोडलेले दगड. तू उभा होतास ती जागा शोधली, वाकून नमस्कार केला आणि ती मूर्ती फेकली. 'थँक यू' एवढाच आवाज आला.

तुझा,
त्या रात्रीचा होस्ट