मंत्रीमहोदय, माझी आई जिवंत आहे

मा. मंत्रीमहोदय,

(कोणत्या खात्याचे मंत्री ते आठ महिने हिंडूनही मला कळलेलं नाही. कृषीवाले महसूलकडे बोट दाखवतात, महसूलवाले आयटीकडे, आयटीवाले म्हणतात आम्ही फक्त पोर्टल चालवतो. ज्यांना लागू होईल त्यांनी वाचावं.)

स.न.वि.वि.

काल संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे'. मी ऑफिसात होते, हातातलं काम टाकून आईला फोन लावायला घेतला, मग म्हटलं आधी बघून तर घेऊ, स्टेटस उघडलं तर तेच. लाभार्थी मयत. म्हणजे तक्रार निवारली, आई काही उठली नाही.

आईचं वय ६३. गुडघे सोडले तर ठणठणीत. परवाच सोयाबीनला खुरपणी करून आली.

झालं असं की २०२३ ला वडील गेले. वारस नोंद केली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाला कंस पडला, आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं राहिली. इथपर्यंत सगळं सरळ. पण एका योजनेत (नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की त्याच कार्यालयात परत जायचंय) यादी खाते नंबरावर चालते. खातेदार वारला असं वरून कळल्यावर कुणीतरी खाते नंबरापुढं 'मयत' मारलं, आणि त्या खात्यावर लाभार्थी म्हणून पहिल्यापासून नाव होतं आईचं. वडील आणि आईचं खातं सामाईक होतं ना. भाऊ आणि मी नवीन आलो म्हणून वाचलो. हे मला कुठल्या साहेबानं नाही सांगितलं, सेवा केंद्रातल्या पोरानं सांगितलं, तेही चहा पाजल्यावर.

आता गंमत बघा. मला शेतकरी म्हणून नोंद झाल्याचा मेसेज आलाय. मी पुण्यात एसीत बसते, शेवटचं खुरपं कॉलेजात असताना धरलं, टॅक्स भरते, मला त्या पैशांचा हक्कही नाही आणि नकोतही. मी शेतकरी. आणि जिनं चाळीस वर्षं ते रान कसलं ती मयत. आई कार्यालयात स्वतः गेली तर समोरचा म्हणाला हयातीचा दाखला आणा. ती म्हणाली, बाबा मी तुझ्यापुढं उभी आहे की. तो म्हणाला, मावशी तुम्ही उभ्या आहात पण सिस्टीम घेत नाही. घरी येऊन आईनं मला एवढंच विचारलं की मी मेलेय तर मोटारीचं वीजबिल कुणाच्या नावानं येतंय गं? बरोबर आहे. वसुलीच्या यादीत आई अजून धडधाकट आहे.

चकरा १९ झाल्या, भाऊ म्हणतो २३. एका चकरेला जीपचं भाडं, झेरॉक्स, बुडालेला रोज असे चारशे धरा. जेवढे हप्ते अडकलेत त्याहून जास्त घालवलेत आम्ही.

आणि साहेब तुम्ही आमच्या तालुक्याला आला होता तेव्हा स्टेजवरून म्हणाला होता की सगळी खाती एकमेकांना जोडणार, एकदा माहिती दिली की परत कुणी कागद मागणार नाही. पुढच्याच आठवड्यात आईकडं कागद मागितले, पाच.

मी पोटासाठी हेच डेटाचं काम करते म्हणून जास्त राग येतो. आमच्या क्लायंटकडे दोन वर्षं याच विषयावर भांडणं चालू आहेत की सगळ्या डिपार्टमेंटनी मिळून एक अप्पर ऑन्टॉलॉजी मान्य करायची का. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. टेबलं, कॉलम, पोर्टल यायच्या आधी ठरवायचं की जगात कोणकोणत्या जातीच्या गोष्टी असतात (ती जात नव्हे, प्रकार). माणूस ही एक वस्तू, ती काळातून टिकून राहते. मृत्यू ही घटना, ती घडते आणि माणसालाच घडते. खातं हे नोंदवहीतलं पान, पान मरत नाही, बंद होतं. शेतकरी हा माणसाचा प्रकारच नाही, ती भूमिका आहे, आज आहे उद्या नाही, आणि एकाच माणसाच्या चार भूमिका असतात. हे चार ओळींचं शहाणपण कुणी त्या सिस्टीमच्या डोक्यात घातलं असतं तर खाते नंबराला 'मयत' मारताच आलं नसतं. बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी म्हणून अशीच एक तयार अप्पर ऑन्टॉलॉजी आहे, २०२१ साली आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं) स्टँडर्ड झालं, त्यात जेमतेम तीन डझन संज्ञा आहेत. अमेरिकेतले जीवशास्त्रवाले वर्षानुवर्षं वापरतात. तीन डझन! आपल्या एका फॉर्मला त्याहून जास्त रकाने असतात. २०१७ च्या कर्जमाफीचा फॉर्म आठवतोय ना?

त्यावरून आठवलं, कुटुंब. २०१७ च्या कर्जमाफीत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. २०१९ च्या कर्जमुक्तीत कुटुंब गेलं, वैयक्तिक शेतकरी आला. पीएम किसानला परत नवरा, बायको, अज्ञान मुलं. जनगणनेला एका चुलीवर जेवणारे. आणि सातबाऱ्यावर अजून 'ए.कु.म.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर बसलेला आहे, त्या मॅनेजरची नातवंडं रिटायर झाली तरी. शब्द एक, आणि तुम्ही हे सगळं एकमेकाला 'जोडणार'. गावाचंही तेच. महसुली गावं चाळीस हजारांच्या वर, ग्रामपंचायती २७-२८ हजार, गट ग्रामपंचायतीत तीन गावं, एका गावाच्या चार वाड्या. फॉर्मवर 'गाव' एवढंच लिहिलेलं, माणसानं काय भरायचं? कृषी मंडळ आणि महसूल मंडळ ही तर दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे निम्म्या शेतकऱ्यांना विम्याच्या भांडणात कळतं.

माझ्या ऑफिसातले काही म्हणतात, अप्पर ऑन्टॉलॉजी वगैरे फिलॉसॉफीवाल्यांचे चोचले, दोन सिस्टीम जोडायच्या तर दोघांमध्ये एक मॅपिंग टाका (इकडचा हा रकाना म्हणजे तिकडचा तो, अशी यादी), काम संपलं. त्यात खोटं नाही, दोनच असतील तर. वीस पोर्टलं धरा, जोड्या होतात १९०, प्रत्येक मॅपिंग कुठल्यातरी व्हेंडरच्या पोराच्या लॅपटॉपवर, तो पोरगा नोकरी बदलून गेला की अर्थ त्याच्याबरोबर गेला. आणि एक कबूल करते, दुसऱ्या टोकाला जाणारेही बघितलेत. अमेरिकेत सायक नावाचा प्रकल्प १९८४ ला सुरू झाला, माणसाचं सगळं व्यवहारज्ञान लिहून काढायचं म्हणून, दशकं गेली, अजून लिहून व्हायचंय. मला तसलं काही नकोय. तुम्ही समिती नेमाल, समिती बेंगळुरूला अभ्यास दौरा करेल, चारशे पानी अहवाल पीडीएफमध्ये स्कॅन करून, उलटा स्कॅन करून, अपलोड होईल. ते नको. माणूस, मृत्यू, कुटुंब, गाव, जमीन, खातं, मालक, कसणारा, असे दहा-बारा शब्द धरा, सगळ्या खात्यांना एका खोलीत कोंडा आणि अर्थ ठरल्याशिवाय चहा देऊ नका. प्रत्येकानं आपलं पोर्टल आपल्या मनासारखं ठेवावं, फक्त 'आमचं कुटुंब म्हणजे तुमच्या कुटुंबाचा हा भाग' एवढं सांगता यायला हवं.

अशक्य आहे म्हणू नका. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, वापरा म्हणजे झालं. माणसाचं नाव, पत्ता कुठल्या रकान्यात कसा लिहायचा याचेही मानक केंद्रानं कधीचे काढून ठेवलेत. तरी आधारवर आईचं आडनाव शेवटी, बँकेत आधी, सातबाऱ्यावर आडनावच नाही, फक्त 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. नंबर मात्र धडाधड देता. आधारचे १२ अंक, शेतकरी आयडीचे ११, जमिनीच्या भू-आधारचे १४. एका बाईला आणि तिच्या दीड एकराला ३७ आकडे दिलेत तुम्ही आणि ती जिवंत आहे का हे सांगता येत नाही!

बदलायचं मनात आलं की बदलता हो तुम्ही. तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं ते केवढ्यात झालं. २०२५ ला जिवंत सातबारा मोहीम काढली, मेलेल्यांची नावं काढून वारस लावायला, चांगली होती, आमच्या प्रकरणाशी तिचा संबंध नाही. लाडकी बहीणच्या यादीत १४ हजारांच्या वर पुरुष सापडल्याचं त्याच वर्षी पेपरात आलं. पुरुष बहिणी होऊन गेले आणि माझी आई बाई म्हणून सोडा, माणूस म्हणून पास होत नाही. मग टीव्हीवर कोणीतरी म्हणतं लोकांनीच चुकीची माहिती भरली. लोकांनी भरली, सिस्टीमनं घेतली कशी? आमच्याकडे एखाद्या कंपनीत असं झालं तर रात्री दोनला फोन येतो आणि सकाळी कुणाची तरी नोकरी जाते. इथं काय होतं? टेंडर निघतं. नवीन सचिव, नवीन पोर्टल, नवीन रंग, जुना डेटा तसाच ओतलेला, त्यातली आई तशीच मेलेली.

मला सांगा, हे मुद्दाम तर ठेवलेलं नाही ना? कारण अर्थ ठरला की जबाबदारी ठरते, आणि ती कुणालाच नकोय. लाभार्थी किती हे सांगायचं असलं की मोठी व्याख्या, पैसे द्यायचे असले की बारकी.

असो. हयातीचा दाखला ग्रामपंचायतीतून काढलाय, तीन महिने चालतो म्हणे. म्हणजे दर तीन महिन्यांनी आईनं जिवंत असल्याचं सांगायचं. सोमवारी ती परत जाणार आहे, विसावी चकर, किंवा चोविसावी. या वेळी मी रजा टाकून बरोबर जातेय. कालच्या मेसेजखाली लिंक होती, 'आमच्या सेवेबद्दल अभिप्राय द्या', पाच तारे. क्लिक केलं तर लाभार्थ्याचा ओटीपी मागतंय. ओटीपी आईच्या मोबाईलवर आला. आला बरं का, मेलेल्या बाईच्या मोबाईलवर.

आपली,
एक शेतकरी (तुमच्या यादीप्रमाणे)