सूचना : रविवारचा टायपिंग सराव आणि कीबोर्डचा आवाज

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत टायपिंगचा सराव आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे. लॅपटॉप आणि चार्जर स्वतःचा आणावा.

मुख्य वाचन कक्षात मात्र सोमवारपासून खटखट आवाज करणारे मेकॅनिकल कीबोर्ड जोडता येणार नाहीत. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालेल, पण कृपया हलक्या हाताने. बरेचदा कळांपेक्षा टेबलच जास्त वाजते, कारण दाबाची थरथर लाकडात उतरते. लॅपटॉपखाली जाड कापड किंवा रबरी मॅट ठेवा, फरक लगेच जाणवेल. मात्र खालच्या हवेच्या जाळ्या झाकू नका, लॅपटॉप तापतो.

जोरात दाबल्याने वेग वाढतो, हा समज कृपया सोडा. लॅपटॉपची कळ जेमतेम एक-दीड मिलिमीटर खाली जाते. त्यापुढचा जोर फक्त बोटांना दुखवतो.

सराव करताना :
- मनगट सरळ, कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल.
- दोन्ही तर्जन्या एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांवर. मराठीच्या इनस्क्रिप्ट या कळ-मांडणीलाही हीच जागा.
- वेग मोजताना स्पेस धरून ५ अक्षरांचा एक इंग्रजी शब्द धरू. आधी अचूकता पाहू, मग वेग.

बोटे किंवा मनगट आधीपासून दुखत असेल त्यांनी आधी सांगावे, त्यांना मधे जास्त विश्रांती देऊ.

– व्यवस्थापन समिती